राजीनाम्यापर्यंतची गोष्ट

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. या वेळात आमच्याकडे पाहुणे आले तर त्यांना आतल्या खोलीत बसावं लागतं आणि चहाही आमच्या ह्यांच्या हातचा प्यावा लागतो. कारण पुढच्या खोलीत माझा वर्ग असतो. वर्ग म्हणजे काय, तर दोन सतरंज्या, मुलाच्या लहानपणचा एक फळा आणि पाच-सहा बायका. सगळ्या सतरा नंबरवाल्या. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म. शाळा मध्येच सुटली असेल तर हा फॉर्म भरायचा, नेमून दिलेल्या केंद्रावर कागद जमा करायचे, घरी अभ्यास करायचा आणि थेट परीक्षेला जाऊन बसायचं. मीही अशीच दहावी झाले, अशीच बारावी झाले, तेव्हा माझा धाकटा आठवीत होता. रात्री आम्ही दोघं एकाच टेबलावर अभ्यास करायचो आणि तो मला ओरडायचा, "आई, मोठ्यानं वाचू नकोस गं!" तेव्हा मला कोणी शिक्षिका म्हणू नये. मी वाट चुकून पुन्हा वाटेला लागलेली बाई आहे, आणि मागून येणाऱ्यांना खड्डे कुठे आहेत ते सांगते, एवढंच.

सध्याच्या पाच जणी चांगल्या आहेत. अभ्यास करतात, मला हसवतात. पण खिडकीखाली, जिथे पाठीला भिंत मिळते, तिथे कोणी बसलं की मला आत कुठेतरी टोचतं. ती जागा आंबिवलीहून येणाऱ्या एका बाईची होती. ती यायची थांबली त्याला आता दोन वर्षं होत आली. का थांबली, तेच सांगायला बसलेय.

ती पंचेचाळिशीची असेल. अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनिसानं घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी वाढायची, तोंडं पुसायची, झाडून घ्यायचं. शिकवायचं काम सेविकेचं. वीस वर्षं हिनं पोरांची तोंडं पुसली, आणि त्या वीस वर्षांत बघून बघून तिला सगळी गाणी, सगळी चित्रं पाठ. सेविकाबाई पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायच्या होत्या. हिच्या हातात बारावी असती तर ती जागा हिचीच होती. म्हणून ती माझ्याकडे यायची, काम उरकून, तशीच, पदराला खिचडीचा वास घेऊन. आल्या आल्या पिशवी खाली ठेवायची आणि विचारायची, "काय ताई, आज कोणाची खुर्ची जाणार?"

कारण तिला इतिहास आवडायचा तो खुर्च्या जाण्याचा. राजे जिंकले, किल्ले बांधले, यात तिला रस नाही. कोणाचं राज्य गेलं म्हटलं की पुढे सरकून बसायची.

आता राज्यशास्त्राच्या पुस्तकात सुशासनावर धडा आहे. पारदर्शकता, उत्तरदायित्व, असे शब्द. हे शब्द पाठ होतात, पण पोटात उतरत नाहीत. वर्गात एक ब्यूटी पार्लरवाली पोरगी होती, विशीतली, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "काकू, पारदर्शक म्हणजे नेटच्या ब्लाऊजसारखं ना? मग सरकारला तसं कसं चालेल?" हसून हसून पुरेवाट झाली. तर असे शब्द पोटात उतरावेत म्हणून मी दरवर्षी अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाची गोष्ट सांगते. पुस्तकात नाही ती. माझ्या पदरची.

ती गोष्ट माझ्याकडे आली सासऱ्यांमुळे. मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा जेमतेम सातवी झालेली. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पेपराशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. मग सकाळी डोक्यावर पदर घेऊन मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. त्या वर्षी पेपरात सारखं हे अमेरिकेचं प्रकरण. विरोधी पक्षाच्या ऑफिसात रखवालदारामुळे पाच चोर पकडले गेले. तिथे फोन चोरून ऐकायची यंत्रं लावायला आले होते म्हणे. धागा ओढता ओढता थेट राष्ट्राध्यक्षांच्या दारापर्यंत गेला. साहेब म्हणतात, मला काहीच माहीत नाही. आणि मग कळलं की साहेबांनीच आपल्या ऑफिसातलं सगळं बोलणं टेप करून ठेवलंय! सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ! स्वतःच्याच हातानं पुरावा." मला ती विलायती नावं वाचता येईनात. जीभ अडखळायची. म्हणून मी आपली राष्ट्राध्यक्षांना "मोठे साहेब", त्यांच्या सेक्रेटरीला "चिटणीसबाई", चोर पकडणाऱ्याला "रखवालदार" असं वाचायचे. सासऱ्यांनी कधी टोकलं नाही. उलट संध्याकाळी विचारायचे, "सूनबाई, चिटणीसबाईंचं पुढे काय झालं?" माझ्या गोष्टीत त्यामुळे आजही नावं नाहीत.

तर आंबिवलीची बाई माझ्याकडे यायची त्या वर्षी, श्रावणात तिनं आपला शाळा सोडल्याचा दाखला माझ्या हातात दिला. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला, मुरबाडकडच्या तिच्या गावच्या शाळेचा. फॉर्मला तो मूळच जोडावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. सगळ्यांचे कागद मीच गोळा करून एकदम केंद्रावर नेऊन देते. बाकीच्यांचे अजून यायचे होते, म्हणून मी तिला म्हटलं, "अगं, राहू दे तुझ्याकडेच, आठ दिवसांनी दे."

"नको ताई," ती म्हणाली. "आमच्या घरात पाणी शिरतं. माझ्या वडिलांनी हा कागद आणायला मास्तरांच्या घरी चार खेपा घातल्या होत्या. तुमच्याकडे असला म्हणजे मी निवांत झोपेन."

आता मी महत्त्वाचा कागद कुठे ठेवते? माझी सासू जिथे ठेवायची तिथेच. भिंतीतल्या कपाटात, तिसऱ्या फळीवर, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत. आमची रेशनकार्डं, मुलांचे जन्मदाखले, सगळं तिथे राहिलेलं आहे. चोराच्या बापालाही सुचणार नाही अशी जागा. तिथे मी तिचा दाखला सरकवला, आणि सपाट राहावा म्हणून त्या पिशव्याही काढून टाकल्या.

आम्ही कोकणातले, तेव्हा गणपतीच्या आधी घराची साफसफाई म्हणजे अंगात आल्यासारखी. फळ्यांवरची जुनी वर्तमानपत्रं ओढून काढायची, फळ्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, नवी अंथरायची. मी ओढली. एका हातानं ओढली, दुसऱ्या हातानं गुंडाळी केली आणि खाली रद्दीवाला ओरडत होता त्याला वरून हाक मारली. आमचं रेशनकार्ड वगैरे मुलानं मागच्याच वर्षी फाइलीत लावलेलं, त्यामुळे त्या फळीवर कागद आहे हे हाताला आठवलंच नाही.

गौरी यायच्या आदल्या दिवशी, निवडलेली भाजी हातात असताना, मला एकदम आठवलं. भाजी तिथेच टाकली. रद्दीवाल्याकडे धावत गेले. तो म्हणाला, "आजी, तो माल चार दिवसांपूर्वी गेला, गाडी भरून." मी तरी त्याच्या दुकानात तासभर खाली बसून चाळत होते.

इथपर्यंतची चूक मी मोठ्यानं सांगू शकते. हातून झाली, वाईट झाली, पण चूकच ती. पुढचं सांगताना माझी मान खाली जाते.

गणपती झाल्यावर वर्ग भरला. बाकीच्या चौघींचे कागद मी केंद्रावर देऊन आले होते. तिनं पिशवी ठेवत सहज विचारलं, "ताई, माझा दाखला दिलात ना?"

सगळ्या ऐकत होत्या. मी म्हणजे दर वर्गात कागद कसे जपायचे त्यावर भाषण देणारी बाई. तोंडातून निघून गेलं, "दिला की. त्यांच्याकडूनच इकडचा तिकडे झालाय वाटतं. सापडेल."

सापडेल! कुठून सापडणार होता? पण एकदा शब्द गेला आणि मग त्याला टेकू देत बसले. आमच्या ह्यांना तेवढं खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता बोलू नकोस. चार दिवस जाऊ देत. उगाच तिचं मन कशाला दुखवायचं?" प्रत्येक मोठ्या साहेबाला एक सल्लागार असतोच, तो माझ्या घरात खुर्चीवर बसून शेंगा खात होता.

ती बिचारी काम सोडून तीन दिवस केंद्रावर गेली. तिसऱ्या दिवशी परस्पर माझ्याकडे आली, चेहरा लाल.

"ताई, तो क्लार्क म्हणतो, तुमच्या मॅडमनी चौघींचेच कागद दिले. रजिस्टर काढून दाखवतो मला! मी म्हटलं, रजिस्टर तुमचं, पेन तुमचं, लिहिणार तुम्ही. आमच्या ताई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत."

"अगं, कशाला भांडलीस..."

"भांडणार नाही तर! चांगलं सुनावलं. मागे ही एवढी लाइन उभी होती. म्हटलं, गरिबाचा कागद म्हणून कुठेही टाकता होय? गप्प बसला. मान खाली घालून बसला तसाच. खोटा असतो ना ताई, तो असाच गप्प बसतो."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते!

मुदत संपली. विलंबाची मुदतही संपली. तिचं वर्ष गेलं. आणि तरी ती यायची थांबली नाही बघा. म्हणाली, "पुढच्या वर्षी बसेन. तुमच्याकडे आल्यावर डोकं चालतं माझं." सेविकेची जागा हातची जाणार हे तिलाही कळत होतं, मलाही. पण ती माझ्यासाठी त्यांच्या वस्तीमागच्या झाडाची शेवग्याची फुलं घेऊन यायची, कारण मला त्यांची भाजी आवडते.

डिसेंबरात सुशासनाचा धडा आला.

ही गोष्ट मी नुसती सांगत नाही, करून घेते. चिठ्ठ्या टाकायच्या, जिला जे येईल ते सोंग. मोठे साहेब व्हायला कोणी तयार नसतं, म्हणून साहेब मीच. पोळ्यांचा डबा म्हणजे टेपरेकॉर्डर. त्या दिवशी पार्लरवालीला चिटणीसबाई आली आणि आंबिवलीच्या बाईला न्यायाधीश. तिनं ओढणी मागून घेतली कोणाची तरी, खांद्यावरून काळ्या कोटासारखी घेतली आणि खिडकीखाली ताठ बसली.

"साहेब, टेपा कोर्टात जमा करा," ती म्हणाली.

"त्या माझ्या खासगी आहेत," मी.

"खासगी कशा? ऑफिस कोणाचं? खुर्ची कोणाची? उद्या मी म्हणेन अंगणवाडीची हजेरी माझी खासगी. चालेल?"

सगळ्या फिसकन हसल्या. मग चिटणीसबाई उठल्या. त्या टेपांतल्या एका टेपेत साडेअठरा मिनिटं कोरी निघाली होती, खरीखुरी गोष्ट आहे ही, आणि चिटणीसबाईंनी सांगितलं होतं की फोन घ्यायला वळताना चुकून भलतंच बटण दाबलं गेलं. आमची पार्लरवाली डोळे मोठे करून म्हणाली, "जजसाहेब, झालं चुकून! माझ्या हातून तर एका बाईची अख्खी भुवई गेली होती, ही तर नुसती मिनिटं आहेत."

खोली हसण्यानं भरून गेली. न्यायाधीश मात्र सोंगातून बाहेर आल्या नाहीत.

"बाई, चूक सगळ्यांच्या हातून होते," ती म्हणाली. "परवा माझ्याकडून खिचडी करपली. मी तिथल्या तिथे सेविकाबाईंना सांगितलं, पोरांना केळी आणून दिली, विषय संपला. तुम्ही कधी सांगितलंत?" आणि मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्हाला कधी कळलं?"

यावर साहेबांनी म्हणायचं असतं, मला काही माहीत नाही. दरवर्षी मी ते झोकात म्हणते. त्या दिवशी तोंड उघडेना.

"काकू डायलॉग विसरल्या!" पार्लरवाली ओरडली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

परत येऊन मी उरलेलं भराभर संपवलं. कोर्टानं टेपा द्यायला लावल्या, त्यात साहेबांचं लपवणं त्यांच्याच आवाजात निघालं, त्यांनी राजीनामा दिला. महिनाभरातच त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी त्यांना माफी देऊन टाकली, खटला उभाच राहिला नाही. लोक चिडले, आणि पुढच्या निवडणुकीत ते नवे साहेबही पडले.

"थांबा ताई," आंबिवलीची म्हणाली. "माफी कोणी दिली?"

"नव्या साहेबांनी."

"त्यांचं काय गेलं होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याचं काही गेलंच नाही तो कशी माफी देणार? आणि जुन्या साहेबांनी आधी सांगितलं होतं का, की हो बाबा, मी केलं?"

"नाही. चुका झाल्या म्हणाले. केलं असं नाही म्हणाले."

"मग ती माफी नाही ताई. नुसती झाकपाक आहे."

मी त्या धड्यावर एक प्रश्न घरी लिहून आणायला दिला. पारदर्शकता आणि लोकांचा विश्वास यांचा संबंध स्पष्ट करा. पुढच्या मंगळवारी वह्या आल्या. बाकीच्यांनी गाइडमधलं उतरवलं होतं. तिनं लिहिलं होतं की साहेब गेल्यावर लोकांनी नंतरच्या साहेबांवरही विश्वास ठेवला नाही, जे खरे होते त्यांच्यावरही नाही, आणि एकाच्या लपवण्यानं सगळेच खोटे ठरतात. खाली, प्रश्नात विचारलेलं नसताना, एक ओळ होती. "म्हणून ज्याच्याकडे आपला कागद ठेवायचा तो माणूस बघून घ्यावा, जशा आमच्या ताई."

लाल पेन हातात धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. ह्यांनी विचारलं, "किती मार्क दिलेस?" मी वही मिटली आणि म्हटलं, "मी उद्या आंबिवलीला जाणार आहे."

"आता? मुदत जाऊन तीन महिने झाले. सांगून काय मिळणार?"

"मला नाही मिळणार काही."

अंगणवाडी म्हणजे एकच खोली, भिंतींवर फळं आणि प्राणी रंगवलेले. पोरं रांगेत जेवायला बसली होती. मला दारात बघून तिचा चेहरा कसा फुलला सांगू! "अगंबाई, ताई! तुम्ही इतक्या लांब? आधी बसा. गुडघे बघा आधी तुमचे." तिनं पोरांची एक बुटकी खुर्ची पुढे केली. मी त्या खुर्चीत बसले, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, आणि सांगून टाकलं. फळी, वर्तमानपत्र, रद्दीवाला, सगळं.

ती एका पोराचा हात पुसत होती. तो पुसून झाला, दुसरा पुसला.

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं. या वेळी खांद्यावर ओढणी नव्हती.

"गौरी यायच्या आदल्या दिवशी."

तिनं मनात मोजलं. ओठ हलताना मला दिसले. "मुदतीला बारा दिवस होते तेव्हा. मी त्याच दिवशी गावाला गेले असते ताई. हेडमास्तरांच्या दारात बसले असते. दुसरी प्रत घेऊनच उठले असते. मी तीन दिवस केंद्रावर घालवले, नंतरही तुम्ही सापडेल म्हणत राहिलात म्हणून वाट बघत बसले."

मला यातलं काही नवीन नव्हतं. दाखला हरवल्यानं तिचं वर्ष गेलं नव्हतं, ते माझ्या 'सापडेल'नं गेलं होतं, हे मला सप्टेंबरपासून माहीत होतं. पण तिच्या तोंडून ऐकताना ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

"मला माफ कर गं," मी म्हणाले.

"ऐकलं मी," ती म्हणाली. एका पोरानं आणखी खिचडी मागितली, तिनं वाढली. आणि मग एकदम, "त्या क्लार्कला मी काय काय बोलले हो! सगळ्या लाइनीसमोर!" इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे तेव्हा भरले. स्वतःच्या गेलेल्या वर्षासाठी नाही भरले.

"उद्या अकरा वाजता केंद्रावर या, मॅडम," ती म्हणाली.

इतके दिवस मी ताई होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. क्लार्क म्हणजे पन्नाशीचा, मफलर गुंडाळलेला साधा माणूस. मी त्याला सांगितलं की यांचा दाखला मी दिलाच नव्हता, माझ्याकडून हरवला आणि मी तुमच्यावर ढकललं. तो गडबडून उभाच राहिला. "अहो मावशी, बसा, मी तर विसरूनही गेलो होतो."

"मी नव्हते विसरले," ती म्हणाली. "मी तुम्हाला चारचौघांत बोलले होते, तेव्हा चारचौघांतच सांगते. तुम्ही खरे होता. माझं चुकलं." तिनं हात जोडले. लाइनीतल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. त्यानं तिला तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं, दुसऱ्या प्रतीसाठी काय काय लागतं ते, तहसीलचं प्रतिज्ञापत्र वगैरे. तिनं तो कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मी सवयीनं हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

त्यानंतर ती आली नाही. मी दोनदा फोन केला. उचलला तिनं, नीट बोलली. "वेळ होत नाही हो मॅडम." तिसऱ्यांदा मी केला नाही. माफी मागून झाली होती. पुन्हा पुन्हा मागायची म्हणजे तिच्या दारात धरणं धरून बसण्यासारखं.

पण आठवण यायची थांबते का? शेवग्याची फुलं बाजारात दिसली तरी मी घेत नाही. परवा वर्गात एका राजाचं राज्य गेलं, आणि मी सांगता सांगता खिडकीखाली बघितलं, कोण पुढे सरकतंय म्हणून. तिथे बसलेली पोरगी जांभई देत होती. माझं वय झालंय, माणसं कमी होण्याची सवय आहे मला. जी वारली त्यांचं दुःख असतं, पण त्यांची वाट बघायची नसते. ही चार स्टेशनं पलीकडे राहते. ती आत्ता तिकडे कुठेतरी पोरांसोबत गाणं म्हणत असेल, आणि मला ते ऐकायला जाता येत नाही.

राष्ट्राध्यक्षांची गोष्ट मी अजून सांगते. फक्त आता साहेबांचं सोंग झालं की टेप बाजूला ठेवते आणि माझ्या फळीची गोष्ट सांगते. पहिल्या वेळी पार्लरवाली होती अजून वर्गात, एक विषय राहिला होता तिचा. जाताना चपला घालत म्हणाली, "काकू, मी त्या बाईला घरी जाऊन सांगितलं होतं, भुवईबद्दल. तिनं नंतर माझ्याकडे यायचं सोडलं." मी म्हटलं, "हो गं. सोडतात."

यंदा पावसाळा सरताना भाचीच्या साखरपुड्याला महाडला जायचं होतं. ह्यांना बरं नव्हतं, मी एकटीच ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत गाडीची वाट बघत उभी. बाजूच्या बाकावर एक बाई पिशवीतून कागद काढून पुन्हा पुन्हा वाचत होती. मी त्या वाकलेल्या मानेवरून ओळखलं. हाक मारावी की नाही, यात दोन गाड्या गेल्या असतील. शेवटी तिनंच वर बघितलं.

"मॅडम! इकडे कुठे?"

"महाडला. तू?"

"बहिणीकडे, मुरबाडला. ठाण्यात ऑफिसात काम होतं, इथूनच गाडी पकडते." तिनं कागद माझ्यासमोर धरला. माझ्या हातात नाही दिला, पण वाचता येईल इतका जवळ धरला. सेविका म्हणून नेमणूक.

"अगं! पास झालीस? मला कोणी सांगितलं नाही."

"झाले मेमध्ये. राज्यशास्त्राला चांगले पडले."

"तुमच्या तिथलीच अंगणवाडी?"

"नाही. तिथे गेल्या वर्षीच दुसरी आली. मला खडवलीकडची मिळाली. सकाळी लवकर निघावं लागतं." तिनं हे मला बोचावं म्हणून म्हटलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. तरी ती रोजची खेप माझ्या खात्यावर आहे हे आम्हा दोघींनाही कळलं, आणि दोघी थोडा वेळ गाड्यांच्या पाट्या वाचत राहिलो.

"गुडघे कसे आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत आपले. तू अभ्यास कोणाकडे केलास?"

"एकटीनंच. आता आमच्या वस्तीतल्या तिघी बसतात माझ्याकडे. विहारात, रविवारी. सतरा नंबरच भरायचाय त्यांना." मग म्हणाली, "तुमच्यासारखंच करून घेते. डबा घेऊन, चिठ्ठ्या टाकून."

"मोठ्या साहेबांची पण?"

"ती तर आधी."

"सगळी सांगतेस?"

"राजीनाम्यापर्यंत," ती म्हणाली. "माफीचं नाही सांगत."

मुरबाडची गाडी लागली. लोक धावले. तिनं पिशवी उचलली, कागद दोनदा घडी करून आत ठेवला. मी तिच्या मागे मागे गाडीच्या दारापर्यंत गेले, या गुडघ्यांनी.

"अगं, पण त्या विचारत नाहीत का, पुढे काय झालं म्हणून?"

ती पायरीवर होती. मागून एकजण म्हणत होता, चला ना बाई आत. तिनं दांडीला धरून माझ्याकडे वळून बघितलं.

"विचारतात की."

"मग काय सांगतेस?"

"सांगते, त्या भागाचा माझा अजून अभ्यास चाललाय."

ती आत गेली. खिडकीतून दिसेल म्हणून मी त्या बाजूला वळसा घातला, पण तिला पलीकडची जागा मिळाली असावी. गाडी डेपोच्या फाटकाशी वळेपर्यंत मी बघत उभी होते. मागून महाडच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता, आणि मी त्याला हातानंच थांब म्हणत होते.